४६ व्या वर्षी ट्रक शिकायचाय, कुणी केलंय का असं?

जुन्नरकरीण

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. आम्ही नारायणगावच्या जवळ राहतो, शेती आहे, टोमॅटो दरवर्षी असतोच. मुलगी नर्सिंग करून पुण्यात नोकरीला लागली, धाकटा यंदा डिप्लोमाला हॉस्टेलवर गेला. वीस-बावीस वर्षं सकाळी साडेपाचला डबे केले, आता जाग त्याच टायमाला येते आणि करायचं काहीच नसतं, ओट्यापाशी नुसती उभी राहते.

गाडी मला येते. ट्रॅक्टर तर लग्नाआधीपासून माहेरी चालवायचे. ७ वर्षांपूर्वी लायसन काढलं आणि तेव्हापासून घरची पिकअप मार्केटला मीच नेते कारण ह्यांना रात्रीचं नीट दिसत नाही. सीझनला शेजाऱ्यांचे क्रेट पण भरते, भाडं घेते हां, फुकट नाही. चार-पाच वेळा वाशीला पण गेले. तिथं एकदा पहाटे एक मोठा ट्रक रिव्हर्स लागत होता, दोन्ही बाजूला वीतभर जागा, आणि तो माणूस एका हाताने स्टेअरिंग फिरवतोय आणि दुसऱ्या हातात चहाचा ग्लास, सांडला पण नाही. तेव्हापासून डोक्यात बसलंय ते बसलंय.

तर विचारायचं हे की या वयात मोठ्या गाडीचं लायसन निघतं का, शिकायचं कुठं, आणि शिकले तरी बाईला आणि ते पण ४६ वर्षांच्या, गाडी कोण देईल हातात? गुडघे थोडे कुरकुरतात. ह्यांचं म्हणणं शीक, पण एवढ्यात गावात बोलू नको. सासूबाईंनी तीन दिवस अबोला धरला आणि चौथ्या दिवशी स्वतःच विचारलं, त्यात आडवं व्हायला जागा असते का गं.

दहाचाकी_मालक

ताई, येडेपणा बिलकुल नाही, फक्त घाई करू नका. मी २३ वर्षं चालवली, आता मणक्यामुळे बंद केली, दोन गाड्या आहेत त्या ड्रायव्हरच्या जिवावर चालतात.

लायसनचं सांगतो. मोठ्या गाडीचं थेट निघत नाही, आधीचं एलएमव्ही म्हणजे हलक्या गाडीचं लायसन कमीत कमी १ वर्ष जुनं लागतं, तुमचं ७ वर्षांचं आहे म्हणजे तो विषयच संपला. वयाची वरची मर्यादा नाही, डॉक्टरचा फॉर्म १-ए लागतो, डोळे वगैरे बघतात, चष्मा असला तरी चालतं. पूर्वी आठवी पासची अट होती ती २०१९ ला काढून टाकली. शिकाऊ लायसन काढायचं, ३० दिवस झाले की टेस्ट देता येते, ६ महिन्यांच्या आत द्यायची. मोटार स्कूलचं फॉर्म ५, म्हणजे शिकवल्याचं सर्टिफिकेट, लागतं. आणि इथंच घोळ असतो. बरेच जण पैसे देऊन नुसतं फॉर्म ५ आणतात, गाडीत बसतच नाहीत, आणि मग पहिली गाडी मालकाची ठोकून शिकतात. तुम्ही असं करू नका. स्कूलमध्ये गेल्यावर पहिला प्रश्न, शिकवायची गाडी कुठली आहे आणि रोज किती वेळ माझ्या हातात देणार. गाडी दाखवा म्हणायचं. उत्तर देताना जो इकडंतिकडं बघेल तिथनं उठायचं.

आता दुसरी गोष्ट, बऱ्याच जणांना माहीत नसते. नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने निकाल दिलाय, साध्या एलएमव्ही लायसनवर साडेसात हजार किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते, धंद्याच्या गाडीसाठी लायसनवर वेगळी नोंद, आपण बॅज म्हणतो ती, लागत नाही. हे वजन गाडी आणि माल मिळून धरायचं. म्हणजे तुमची पिकअपच काय, टाटा ४०७ जातीचा छोटा ट्रक पण तुम्ही आजच्या लायसनवर धंद्याला चालवू शकता. मी तुमच्या जागी असतो तर वर्षभर तेच केलं असतं आणि बाजूने मोठ्या गाडीचं शिकत राहिलो असतो. हातात भाडी असतील तर मालक वय विचारत नाही, गिऱ्हाईक किती आणि गाडी कधी ठोकली का एवढंच विचारतो.

वाशीला जाताना घाट तुम्ही पिकअपने केलाय, चांगलंय, पण भरलेल्या मोठ्या गाडीचा घाट म्हणजे वेगळं प्रकरण. ज्या गिअरला चढली त्याच्या वरच्या गिअरला उतरवायची नाही, इतकं डोक्यात कोरून ठेवा. डिझेल वाचतं म्हणून न्यूट्रल करणारे लई भेटतील, तुम्हाला शिकवायला पण येतील. सारखा ब्रेक दाबून ड्रम तापले की पायाखाली पेडल असतं पण ब्रेक नसतो. मी एकदा अनुभवलंय, ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठी रस्त्याकडेला मातीचा पट्टा ठेवलेला असतो त्यात गाडी घुसवली म्हणून आज टाईप करतोय.

आणि लोन काढून गाडी इतक्यात घेऊ नका. हप्ता तारखेला येतो, भाडं तारखेला येत नाही.

वाटसरू

स्पष्ट बोलतो राग नसावा. रात्रीच्या हायवेला काय काय चालतं ते लिहायला नको. घरात काही कमी नाही, मुलं मार्गी लागलीत, आता आराम करायचं वय, हे नसते धंदे कशाला? पुरुष माणूस दहा वर्षांत म्हातारा होतो या लाइनला.

सोलापूरची_स्टेअरिंगवाली

वाटसरू भाऊ, आरामच करायचा असता तर ताईंनी इथं विचारलं नसतं. राहिला प्रश्न बायकांचा, तर योगिता रघुवंशी हे नाव शोधा, मूळच्या आपल्या नंदुरबारच्या, भोपाळला असतात, वकिलीची पदवी आहे आणि नवरा गेल्यावर दोन लेकरं वाढवत ट्रक चालवला, दूर दूरच्या राज्यात माल नेला. एसटीत पण आता बायका गाडी चालवतात. असो.

जुन्नरकरीण ताई, मी ४३ ला शिकले, आता ५१ पूर्ण. आधी शाळेची व्हॅन, मग १४ फुटी आयशर, आता सहाचाकी, सोलापूर-पुणे-सोलापूर फिक्स. मोठ्या गाडीच्या पहिल्या टेस्टला नापास झाले, रिव्हर्सला मागचा खांब लोळवला, इन्स्पेक्टर हसले नाहीत पण बाकी सगळे हसले. महिन्याने परत दिली.

पहिल्या दिवसाची गंमत सांगते. सकाळी गाडी चालू केली आणि आत कर्कश आवाज सुरू झाला, लाल लाइट, आणि गाडी जागची हलेना. मला वाटलं मी काहीतरी मोडलं, घामच फुटला. उस्ताद खाली तंबाखू मळत उभा, म्हणाला बाई हवा भरू दे टाकीत, तोवर मारुतीचं नाव घ्या. रात्रभर उभ्या गाडीची हवा उतरते आणि हवा नसली की मागचे ब्रेक स्प्रिंगने धरून ठेवतात, ते मुद्दाम तसंच बनवलेलं असतं, हवेचा काटा वर आला की आवाज आपोआप बंद. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर! म्हणून तुम्हाला सांगून ठेवते.

पण ताई, खरं सांगू का, चालवणं अवघड नाही. तुम्ही टोमॅटो भरून वाशीला जाऊन आलात, तुम्हाला जमणार. अवघड आहे ते थांबणं. माल भरायला थांबा, उतरवायला थांबा, बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) सही करणारा जेवायला गेलाय म्हणून थांबा. एका कारखान्याच्या गेटवर मी दुपारी २ ला लागले ते दुसऱ्या दिवशी पहाटे ५ ला आत गेले. तिथं संडास एकच, वॉचमनच्या केबिनच्या मागे, कडी नसलेला. पहिले सहा महिने मी काय करायचे माहितेय, पाणीच प्यायचे नाही. मग युरिन इन्फेक्शन झालं, ताप, आठ दिवस घरी. डॉक्टरीण बाईंनी चांगलं झापलं. त्यानंतर माझी पद्धत अशी की कुठल्या पंपावर बायकांचं स्वच्छ आहे, रात्री दिवा असतो, ते वहीत लिहून ठेवलंय किलोमीटरसकट आणि पाणी त्या हिशोबानं पिते, कमी नाही पण टाइम धरून. ट्रान्सपोर्टवाल्याला पहिल्याच दिवशी सांगितलं की नवा माल, नवा पत्ता असेल तर तिथं सोय आहे का विचारून मग मला पाठवा. तो आधी तोंड वाकडं करायचा, आता स्वतः फोन करून विचारतो, कारण माझ्या गाडीचा माल कधी भिजून आला नाही.

भिजण्यावरून आठवलं, ताकद कुठं लागते तर ताडपत्रीला. स्टेअरिंग पॉवरचं असतं, त्याला काही लागत नाही. पण ओली ताडपत्री वर ओढायची आणि रस्सा आवळायचा म्हणजे खांदे निघतात. मी ते करतच नाही, हमालाला ठरलेले पैसे देते आणि ते भाड्यात आधीच धरायला लावते. ट्रिपचे किती, रोजचा भत्ता किती, थांबून राहिलं तर त्याचे किती, हे तिन्ही गाडीत चढायच्या आधी बोलून घ्या. नंतर कुणी ओळखत नाही.

गुडघ्यांचं, केबिनमधून उडी कधीच मारायची नाही. चढताना उतरताना तोंड गाडीकडे, दोन हात एक पाय नाहीतर दोन पाय एक हात कायम धरलेले पाहिजेत. पायरीवर चिखल असतो तो आधी पुसायचा. माझे गुडघे या वयात तुमच्यापेक्षा बरे असतील बघा. आणि सासूबाईंना सांगा, मोठ्या गाडीत सीटच्या मागे आडवं व्हायला फळी असते, गोधडी आपली न्यायची.

ब्रॅम्पटनकर

मी कॅनडातून, ओंटारिओ. माझी बायको ४८ ला ट्रकमध्ये आली, त्याआधी १५ वर्षं घर आणि मुलं, म्हणून लिहावंसं वाटलं. इथं २०१७ पासून ट्रेलरच्या लायसनआधी किमान १०३.५ तासांचं ट्रेनिंग सक्तीचं आहे, त्यात गाडीखाली वाकून रोजची तपासणी पण येते, ब्रेक, टायर, लाइट, सगळं. तिला गाडीपेक्षा त्याचीच धास्ती होती आणि आता तीच मला आमच्या कारचे टायर बघायला लावते. इथं दिवसाला जास्तीत जास्त १३ तास चालवता येतं, गाडीतलं यंत्र आपोआप नोंद ठेवतं, मालकाने कितीही फोन केले तरी वेळ संपली की गाडी उभी. भारतात १९६१ च्या कायद्यात ८ तास लिहिलेत पण पाळतं कोण. म्हणून सोलापूरच्या ताईंचं पटलं, तास आपले आपणच ठरवून सांगायचे.

दहाचाकी_मालक

@सोलापूरची_स्टेअरिंगवाली ताई, एक नंबर लिहिलंत. वहीची कल्पना माझ्या ड्रायव्हरना पण सांगतो, पुरुषांचे पण हालच असतात, कुणी बोलत नाही एवढंच.

अजून एक राहिलं. शिकण्यासाठी भोसरीला सीआयआरटी आहे, म्हणजे सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट, तुम्हाला नाशिक हायवेने सरळ पडते, तिथं एकदा जाऊन चौकशी करा की आत्ता कुठला कोर्स चालू आहे. पुढे कधी टँकरवर जायचं मनात आलं तर गॅस-पेट्रोलसारख्या मालाला वेगळं ट्रेनिंग आणि लायसनवर वेगळी नोंद लागते. ते नंतर. आणि नवीन गाडी मिळाली तर नशीब, २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा केलाय. आमच्या वेळी मे महिन्यात इंजिनच्या बॉनेटवर भाकरी गरम व्हायची.

वाटसरू

मी काळजीपोटी बोललो होतो. मोठा भाऊ याच लाइनला वारला, एवढंच सांगतो. ताई, झोप आली की गाडी बाजूला घ्या, मालक कितीही बोंबलू दे.

जुन्नरकरीण

वाटसरू दादा, वाईट वाटलं ऐकून. झोपेचं लक्षात ठेवते, खरंच.

सगळ्यांचे आभार, दोनदा वाचून काढलं आणि ह्यांना पण वाचून दाखवलं, कोर्टाचं ऐकून ते उठूनच बसले, म्हणाले मग आपण बॅजची चौकशी कशाला करत फिरत होतो. काल तालुक्याला एका मोटार स्कूलमध्ये गेले. फी सांगितली, चहा पाजला. मी म्हणलं गाडी दाखवा. तर म्हणे गाडी गॅरेजला आहे, तुम्ही काय रोज येऊ नका, टेस्टच्या आदल्या दिवशी या. दहाचाकी दादा म्हणाले तसाच इकडंतिकडं बघत होता अगदी. उठले. सोमवारी भोसरीला जाते, मुलगी पुण्यातच आहे, तिला सुट्टी आहे, तिच्याकडे मुक्काम.

आमच्याकडचे एक जण ४०७ वर बदली ड्रायव्हर बघतायत, कांदा-बटाटा, दिवसाचीच भाडी, संध्याकाळी परत. त्यांना फोन केला तर म्हणाले वहिनी तुम्ही चालवणार का दादा? मी म्हणलं मी. जरा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले गुरुवारी आळेफाट्याला गाडी बघायला या, रिकामीच आहे, एक चक्कर मारून दाखवा.

सोलापूरच्या ताई, रिव्हर्सचं काही सांगा ना गुरुवारच्या आत. पिकअपला मी मान वळवून मागच्या काचेतून बघते, ४०७ ला मागं बॉडी असणार, काहीच दिसणार नाही. आरशावर कसं जमवायचं?

सोलापूरची_स्टेअरिंगवाली

रिकाम्या मैदानात दोन क्रेट ठेवा, तुमच्याकडे कमी नाहीत 😄 आणि पिकअपच्याच मागच्या काचेला पोतं लावून टाका, फक्त दोन आरशांवर दोन क्रेटच्या मधे घ्या. डावा आरसा आधी. सुरुवातीला क्रेट फुटतील, रिकामे ठेवा. आणि शंका आली की गाडी थांबवून खाली उतरून बघून यायचं, कितीही वेळा, त्यात लाज नाही. मी अजून उतरते. गुरुवारी काय झालं ते कळवा.