सगळ्यांनाच मेडल: शाळेतल्या बक्षीस समारंभाचं करायचं काय?

तिखटमीठ:

आमच्या लेकाच्या शाळेचं (सातवी, मराठी माध्यम, अनुदानित, नाव कशाला घ्या) गॅदरिंग परवा झालं. यंदापासून पहिला-दुसरा-तिसरा बंद. प्रत्येक मुलाला एक मेडल, सगळी एकाच साच्यातली, पुढे 'तू खास आहेस' आणि मागे शाळेचं नाव. मुलं वर्गवार रांगेत स्टेजवर चढली, मेडल घालून घेतलं, पलीकडच्या पायऱ्यांनी उतरली. तासाभरात साडेतीनशे पोरं. शेवटी शेवटी प्रमुख पाहुण्यांचे हात भरून आले असावेत, कारण गळ्यात घालायचं सोडून ते नुसतं हातात टेकवत होते.

घरी आल्यावर चिरंजीवांनी ते मेडल सायकलच्या किल्लीला अडकवलं. म्हटलं, अरे, जपून ठेव. तर म्हणाला, "सगळ्यांना मिळालंय गं. जे गैरहजर होते त्यांना पण सोमवारी देणारेत."

याच मुलाला मागच्या वर्षी निबंधात तिसरा आला म्हणून कंपासपेटी मिळाली होती. पत्र्याची, स्वस्तातली. आता तिचं झाकणही बसत नाही. तरी ती कपाटात शर्टांच्या घडीखाली असते आणि बहिणीने हात लावला तर घरात महाभारत होतं.

माझं म्हणणं सरळ आहे. सगळ्यांना द्यायचं तर देऊच नका, तो पैसा वाचनालयाला द्या. द्यायचं असेल तर नंबर काढून द्या. मुलांना खरं-खोटं आपल्यापेक्षा लवकर कळतं. शनिवारी पालक-शिक्षक संघाची सभा आहे, तिथे मी हा विषय काढणार आहे. मतं येऊ द्या, विरोधातली आधी.

पाटीपेन्सिल:

विरोधातलं घ्या मग. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकोणीस वर्षं शिकवते आहे. वर्गात ३८ मुलं. पहिला-दुसरा-तिसरा काढायचा म्हटलं तर फेब्रुवारीत स्टेजवर कोण चढणार ते मी जूनमध्येच सांगते. तेच तिघं. धावण्यात त्यातलाच एक, वक्तृत्वात त्यातलीच एक. उरलेली ३५ मुलं चार-चार वर्षं फक्त टाळ्या वाजवायला मांडी घालून बसतात.

तुमच्या लेकाला तिसरं तरी मिळालं होतं. पस्तिसाव्या नंबरच्या आईने हा धागा काढला असता तर वेगळा निघाला असता.

आणि नंबर कागदावर आहेत कुठे? आठवीपर्यंत २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. प्रगतिपुस्तकात अ-१, अ-२, ब-१ अशा श्रेणी असतात. तरी पालक दारात उभं राहून हळूच विचारतातच, "मॅडम, तसा कितवा म्हणायचा?"

तिखटमीठ:

@पाटीपेन्सिल, पस्तिसाव्याचं लागलं. खोटं बोलत नाही.

पण नंबर गेले आणि त्यांच्या जागी आलं काय? वर्णनात्मक नोंदी. आमच्या प्रगतिपुस्तकात सलग तीन वर्षं 'नीटनेटका राहतो' असं आहे. माझा मुलगा! ज्याच्या दप्तरात मागच्या आठवड्यात केळ्याचं लोणचं झालं होतं.

पाटीपेन्सिल:

त्या नोंदींची तयार पुस्तकं दुकानात मिळतात, त्यातून उतरवून काढतात. सगळेच नाही, पण मार्चअखेरीला माहितीची कागदं भरता भरता पुष्कळ जण. यात तुमची बाजू बरोबर.

बोर्डातला:

लहान असताना सगळे ज्याला 'बोर्डात आलेला' म्हणत तो मी. दहावीला गुणवत्ता यादीत नाव. ती यादी बोर्ड आता काढत नाही, नव्या पोरांना ती काय चीज होती हे सांगूनही कळणार नाही. निकालाच्या दिवशी वार्ताहर घरी आला, आईबाबांना म्हणाला दोन्ही बाजूंनी पेढा भरवा. बाबांचा पेढा माझ्या चष्म्याला लागला. तोच फोटो छापून आला. पुढचे दोन महिने नुसते सत्कार: ज्ञातीचा, गल्लीतल्या मंडळाचा, बँकेचा, ज्या क्लासला मी आठच दिवस गेलो होतो त्या क्लासचा. घरात नऊ शाली आणि अकरा पेन सेट जमले.

मग इंजिनिअरिंगच्या पहिल्याच सेमिस्टरला एम-वनमध्ये, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरात, केटी लागली, विषय राहिला. इतर पोरांनी केटी लागली म्हणून वडापाव खाल्ला आणि कामाला लागली. मी होस्टेलच्या खालच्या पिवळ्या कॉइन बॉक्सपाशी हातात रुपयाची नाणी घेऊन उभा होतो आणि फोन न करताच वर आलो. घरी सांगायला मला पाच महिने लागले. 'हुशार' हे माझं काम नव्हतं, ते माझं नाव झालं होतं, आणि ते एका निकालाने काढून घेता येतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून माझं मत: नंबर काढा, पण चार भिंतींच्या आत. स्टेज, पेढा, फ्लेक्स नको.

वरणफळ:

चिंतामणराव देशमुख १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्तीही मिळवली, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, मग देशाचे अर्थमंत्री. नंबराने कोणाचं वाटोळं होत नाही. ज्यांना येत नाही त्यांची ही रडगाणी.

पाटीपेन्सिल:

@वरणफळ, त्या वर्षी दुसरा कोण आला होता?

वरणफळ:

मला कसं माहीत असणार?

पाटीपेन्सिल:

तेच.

तिखटमीठ:

हे टाळ्यांचं वाक्य झालं, मुद्दा नाही. दुसरा आलेल्याला आपण ओळखत नाही म्हणून त्याला त्या दिवशी आनंद झाला नसेल, असं कुठे आहे?

गुळांबा:

नंबर खरा असतो हे गृहीत धरून सगळे भांडताय, म्हणून थोडे आकडे. राज्यात दहावीला शंभर टक्के मिळवणारी मुलं: २०१८ मध्ये १२५, २०१९ मध्ये २०, २०२० मध्ये २४२. आता मला सांगा, एका वर्षात महाराष्ट्रातली पोरं मठ्ठ झाली आणि पुढच्या वर्षी एकदम सरस्वती प्रसन्न झाली का? २०१९ ला भाषाविषयांचे २० अंतर्गत गुण काढून टाकले होते, पुढच्या वर्षी ते परत आणले, एवढंच झालं. २०२५ ला असे २११ होते आणि त्यातले ११३ एकट्या लातूर विभागातले. वर बेस्ट ऑफ फाइव्ह आहे (सहापैकी जास्त गुणांचे पाचच विषय धरायचे), खेळाचे-कलेचे वाढीव गुण आहेत.

म्हणजे 'सगळ्यांना मेडल' तुमच्या शाळेने शोधून काढलेलं नाही. बोर्ड तेच करतंय, फक्त टक्क्यांत.

तिखटमीठ:

@गुळांबा, मापपट्टी सैल झाली तर ती नीट करायची की मापणंच सोडून द्यायचं? निबंधाला बोर्ड नसतं. तीस निबंध वाचून बाईंनी ठरवलं की हा तिसरा. त्यात एक माणूस बसून वाचतो. मेडल घाऊक बाजारातून येतं.

अभ्यासू बोका:

यावर संशोधन भरपूर आहे. १९७३ साली अमेरिकेत, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला. ज्यांना मार्करने चित्रं काढायला मुळातच आवडतं अशी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता, नंतर अचानक दिलं. काहींना काहीच नाही. काही दिवसांनी वर्गात मार्कर नुसते ठेवून दिले. ज्यांना आमिष दाखवलं होतं त्यांनी चित्र काढण्यात इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ घालवला. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती.

त्यावरून 'अचानक द्या, चालतं' असं म्हणावं तर कॅलिफोर्नियातला अलीकडचा प्रयोग आडवा येतो. सहावी ते बारावीच्या पंधरा हजारांहून जास्त मुलांवर तो झाला. एका गटाला, एखादा महिना पूर्ण हजेरी लावली तर पुरस्कार देऊ असं आधी सांगितलं: फरक शून्य. दुसऱ्या गटाला आधी काही न सांगता, आधीच्या एका महिन्यातल्या पूर्ण हजेरीबद्दल घरी पुरस्काराचं पत्र पाठवलं: त्यांच्या गैरहजेऱ्या पुढे वाढल्या. संशोधकांचा तर्क असा की मुलांनी त्या पत्राचा अर्थ 'तू इतरांपेक्षा जास्तच येतोस की' असा लावला.

वरणफळ:

कॅलिफोर्नियातल्या पोरांचं आम्हाला काय सांगता.

तिखटमीठ:

@अभ्यासू बोका, माहितीबद्दल आभार. पण चित्रं काढायला आवडणारीच मुलं घेतली होती ना? मुळात न आवडणाऱ्या गोष्टींचं काय? सतराचा पाढा कुणाला आतून आवडतो?

अभ्यासू बोका:

रास्त प्रश्न. तिथे बक्षिसाने फारसं बिघडत नाही. मुळात गोडी नसेल तर मारायला काय आहे? पण तुमचा मुलगा निबंध लिहितो तो आवडीने की कसा, ते तुम्हीच बघा.

माजी कारकून:

शाळेच्या कार्यालयात तीस वर्षं काढली, म्हणून एक भलतीच अडचण सांगतो. बक्षिसं 'बंद' करणं वाटतं तेवढं सोपं नसतं. निम्मी बक्षिसं ठेवींची असतात. 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, इयत्ता सातवीत मराठी विषयात प्रथम येणाऱ्या मुलीस' अशी अट घालून कुणीतरी १९६८ मध्ये ५०० रुपये शाळेकडे ठेवलेले असतात. त्यांचं आजचं व्याज तीस-पस्तीस रुपये. त्या काळी त्यात परकर-पोलक्याचं कापड यायचं, आता एक बरं पेनसुद्धा येत नाही. आम्ही अशा सात-आठ ठेवींचं व्याज एकत्र करून स्टीलचे पेले आणायचो, आणि पाकिटावर प्रत्येक कैलासवासींचं नाव मात्र वेगळं लिहायचो. हिशेबतपासनीसाला ते कधी आवडलं नाही.

आमच्याकडे एक ठेव 'गरीब, होतकरू व नियमित' विद्यार्थ्यासाठी होती. दरवर्षी त्यासाठी शिक्षकांची बैठक बसायची. गरीब पुष्कळ असायचे. एका वर्षी ठरवून मुलाचं नाव पुकारलं तर तो स्टेजवर आलाच नाही. नंतर शिपायाकडून कळलं, अख्ख्या गावासमोर 'गरीब' म्हणून पुकारलं म्हणून मुतारीमागे जाऊन बसला होता. पुढच्या वर्षीपासून मी निवेदनाच्या कागदावरून तो एक शब्द खोडला. ठेवीच्या मूळ कागदावर तो अजून आहे.

सातपुड्याची:

वाचत होते नुसती, पण @माजी कारकून यांच्या मुतारीमागच्या पोराने लिहायला लावलं.

१९९२ पासून पहिली ते चौथीच्या मुलींना उपस्थिती भत्ता सुरू झाला: दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमातींच्या आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलींना, हजर राहिलेल्या दिवसाला एक रुपया. मी त्यातली. पैसे एकदम मिळायचे. गुरुजी वर्गात यादी वाचायचे आणि आम्ही उभ्या राहायचो. आई मजुरी बुडवून यायची, अंगठा द्यायची. शाळेत माझं नाव एवढ्या मोठ्याने पहिल्यांदा घेतलं गेलं ते तेव्हाच. मला फार भारी वाटायचं.

तिसरीत असताना शेजारी बसणारीने विचारलं, "मी तर एक दिवस पण चुकवत नाही. मला का नाही?" मला उत्तर माहीत नव्हतं, तिलाही नव्हतं. घरी जाऊन तिने विचारलं असणार. कारण दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्या ओळीत बसली.

रुपया वाईट नव्हता. त्यातून माझी पहिली चप्पल आली. बक्षीस ते नव्हतंच, भाऊ सांभाळायला मी घरी राहिले नाही त्याची ती भरपाई होती. पण वाचून दाखवायचं त्याला बक्षिसासारखं. तुमच्या पहिल्या-दुसऱ्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, मी कधी तिथे नव्हते.

बोर्डातला:

_/\_

पाटीपेन्सिल:

@सातपुड्याची, याद्या मीही वाचल्या आहेत. पुढचं काही सुचत नाही.

@तिखटमीठ, तुम्ही विचारलंत की नंबरांच्या जागी आलं काय. माझ्यापुरतं सांगते. एक शंभर पानी वही आहे. रोज परिपाठात सुविचार, पंचांग झालं की एका मुलाबद्दल एक वाक्य वाचते. 'हुशार', 'गुणी' असले शब्द चालत नाहीत, घडलेलं लिहायचं. परवाचं वाक्य: 'नळाची तोटी गळत होती, तिला सुतळी बांधून खाली कळशी कोणी लावली ते मला कळलं आहे.' अख्खी रांग वळून बघते, आणि तो पोरगा पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभा. ३८ जणांची फेरी पुरी व्हायला दोन महिने लागतात. एकाच्या नावापुढे मात्र दीड महिना काही लिहिता आलं नाही. तो रोज येत होता, मीच बघत नव्हते.

वरणफळ:

स्कॉलरशिपच्या पेपरात तोटीवर प्रश्न येत नाही, मॅडम.

पाटीपेन्सिल:

स्कॉलरशिपलाही बसवते हो. नऊ बसली, दोन लागली. ती दोन नावं फळ्यावर लिहिली, पेढेही वाटले. एवढी काही संत नाही मी.

तिखटमीठ:

सगळं वाचलं. काल रात्री मुलाला जवळ बसवून विचारलं, की बाबा रे, ती मोडकी कंपासपेटी तू का जपतोस? मनात म्हटलं, म्हणेल बाईंनी निबंध वाचून दाखवला म्हणून, किंवा मेहनतीचं फळ वगैरे. शनिवारच्या सभेत सांगायला एक छान किस्सा होईल.

म्हणाला, "कारण अ तुकडीतल्या त्या जाड्याला नाही मिळाली."

माजी कारकून:

सभेत हे सांगू नका.