मदत हवी आहे: जर्मनीत मणक्याचं ऑपरेशन, आधीच्या तपासण्या कोणत्या क्रमाने कराव्यात?

बोरीकाठ:
नमस्कार मंडळी. आम्ही अमळनेरचे. यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, वय ४७. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली (एल४-एल५) गादी पार झिजली आहे, उजव्या पायात कळ उतरते, फळ्यासमोर फार वेळ उभं राहवत नाही. इथे दोन सर्जननी स्क्रू-रॉड टाकून मणके जोडायला सांगितलं. धाकटे दीर म्युनिकला असतात, त्यांनी तिथे रिपोर्ट दाखवले. तिथले सर्जन म्हणतात, बाकीचे सांधे आणि हाडं चांगली असतील तर कृत्रिम डिस्क बसवता येईल.

मुंबईत का नाही, यावर घरात भरपूर भांडून झालंय. सासूबाई अजून "इतला दूर कसाले?" म्हणतातच. तेव्हा तो विषय इथे नको.

अडचण वेळापत्रकाची आहे. ऑपरेशन ऑक्टोबरच्या मध्यावर धरलंय. त्यांना सहा महिन्यांच्या आतला एमआरआय हवा, आमचा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातला. म्हणजे विमानात बसेपर्यंत तो शिळा. शिवाय उभ्याने काढलेले एक्स-रे, पुढे वाकून आणि मागे वाकून. हाडांची घनता, ईसीजी, रक्ताच्या तपासण्या आणि नाकातला स्वॅब. रक्ताचे रिपोर्ट दोन आठवड्यांपेक्षा जुने चालणार नाहीत. सगळे रिपोर्ट पोचल्याशिवाय हॉस्पिटल तारखेचं पक्कं पत्र देणार नाही, आणि ते पत्र व आगाऊ पैसे भरल्याची पावती नसेल तर व्हिसाचा अर्ज अर्धवट. एक आधी करावं तर दुसरं अडतं. त्यात शिक्षक असल्यामुळे परदेशी जायची परवानगी लागते, ती फाईल वेगळीच फिरतेय.

हाडांची तपासणी गेल्या वर्षी औषध कंपनीच्या शिबिरात झाली होती, टाच मशीनमध्ये ठेवून. तो कागद पाठवला तर "हे नको, कमरेचं आणि खुब्याचं डेक्सा (हाडांची घनता मोजणारा एक्स-रे) पाठवा" असं उत्तर आलं.

आणखी एक. दुखणं फार म्हणून इथले डॉक्टर मणक्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊ म्हणतात. घ्यावं का? ह्यांना साखरेची गोळी चालू आहे.

कोणी यातून गेलं असेल तर क्रम सांगा.

फिल्मवाला_नाशिक:
ताई, मी एमआरआय सेंटरला टेक्निशियन आहे. टाचेचं मशीन अल्ट्रासाउंडवर चालतं, ते फक्त चाळणी लावण्यापुरतं. कृत्रिम डिस्कच्या धातूच्या प्लेटा मणक्याच्या हाडावर टेकतात, हाड ठिसूळ असेल तर त्या आत रुततात. म्हणून डेक्सा सगळ्यात आधी करा. हाडं ठिसूळ निघाली तर हा सगळा बेतच बदलेल आणि पुढचा खर्च वाचेल. आमच्याकडे लोक हेच शेवटी करतात, का ते देव जाणे.

एक्स-रे पण आत्ताच करून टाका. एमआरआय मात्र ऑगस्टअखेर पुन्हा. आणि काहीही काढलं तरी फिल्मवर थांबू नका, डायकॉम फाईल (मशीनमधली मूळ डिजिटल चित्रं) सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागा. फिल्मचा मोबाईलने काढलेला फोटो तिकडे कुणी बघत नाही.

साक्री_ते_कोलोन:
मी इथे जर्मनीत नर्स आहे. तीन गोष्टी.

इंजेक्शन परस्पर घेऊ नका. ऑपरेशनच्या जवळ घेतलेल्या स्टिरॉइडने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, त्यामुळे बरेच सर्जन एक ते तीन महिन्यांचं अंतर मागतात. साखरही काही दिवस चढते. घ्यायचंच असेल तर इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या सर्जनला तारीख कळवून, लेखी उत्तर आल्यावर घ्या.

स्वॅब औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंसाठी असतो. गेल्या १२ महिन्यांत भारतात कुठे अॅडमिट झाले असतील तर लपवू नका. इथे आल्यावर रिपोर्ट येईपर्यंत वेगळ्या खोलीत ठेवतात. ते आधी माहीत असलं म्हणजे घाबरायला होत नाही.

व्हिसाला रक्ताचे रिपोर्ट लागत नाहीत. डेक्सा, एक्स-रे आणि जुना एमआरआय यांवर "तात्पुरती तारीख" असलेलं पत्र मिळतं का, हे तुमच्या दिरांना विचारायला सांगा, बरीच हॉस्पिटलं देतात. शेंगेन व्हिसाचा (जर्मनीसाठी लागतो तो) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णय साधारण १५ दिवसांत, पण ४५पर्यंतही लांबू शकतो. व्हिसासाठीचा ३० हजार युरोंचा विमा अचानक आलेल्या आजारपणासाठी असतो, ठरवून केलेल्या ऑपरेशनचे पैसे त्यातून मिळत नाहीत. परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा.

भुसावळकर_काका:
तपासण्यांसाठी नाशिकला जायचं तर धुळ्याहून गाडीने नको. अमळनेरहून जळगाव, तिथून नाशिकरोड, खालचा बर्थ, सरळ आडवं पडून. माझ्या स्लिप डिस्कच्या दिवसांत मी असाच जायचो.

बोरीकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. डेक्सा याच आठवड्यात. इंजेक्शनचं दिरांना सर्जनना विचारायला सांगितलंय, तोवर थांबतो. काका, बर्थ बघते.

एक राहिलं: ह्यांना हृदयासाठी इकोस्प्रिनही (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू आहे. ती कधी बंद करायची ते इथले हृदयाचे डॉक्टर ठरवणार की तिकडचे भूलतज्ज्ञ? दोघं वेगळं बोलले तर कुणाचं ऐकायचं?

साक्री_ते_कोलोन:
स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. इथल्या भूलतज्ज्ञांची चिठ्ठी मागवा आणि ती तिथल्या हृदयाच्या डॉक्टरांना दाखवून त्यांचा शेरा इंग्रजीत परत पाठवा. दोघांचं जमलं नाही तर त्यांना एकमेकांशी फोनवर बोलू द्या, तुम्ही मध्ये पडू नका. साखरेच्या गोळीचंही त्याच चिठ्ठीत विचारून घ्या.