पिल्लाला शिकवणीला कधी न्यावं? कोकणातले अनुभव सांगा

धागाकर्ती, दापोली

पुढच्या आठवड्यात आमच्याकडे लॅब्रडॉरचं पिल्लू येतंय. आठ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय देणार नाही असं ब्रीडरने स्वतःहून सांगितलं, ते बरं वाटलं. 2017 च्या नियमांप्रमाणे त्याआधी पिल्लू विकता येतही नाही, आणि खेळताना दात किती लावायचे हे पिल्लं भावंडांमध्येच शिकतात. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. दवाखान्यात सांगितलं, सगळे डोस होईपर्यंत अंगणाबाहेर काढू नका. ट्रेनर फोनवर म्हणाला, सहा महिन्यांचं झालं की आणा. शेजारच्या काकांचं म्हणणं, कुत्र्याला शिकवायचं काय, ते बघून बघून शिकतं. तिघांच्या तीन तऱ्हा! सहा महिने मला फार उशीर वाटतो, पण पार्व्होने (पिल्लांना होणारा विषाणूचा जीवघेणा रोग) गेलेलं पिल्लू मी माहेरी पाहिलं आहे, त्यामुळे ती भीतीही मनातून जात नाही.

तुमचं पिल्लू कधी आणि कसं शिकायला लागलं ते लिहा. पुण्या-मुंबईचे अनुभवही चालतील, पण आधी आपल्याकडचे हवेत. इथे क्लास असलाच तर तालुक्याला, पावसाचे चार महिने पडवीतच काढायचे, वाडीत मोकाट कुत्री आणि रात्री बिबट्या. हे सगळं धरून सांगा.

रत्नागिरी

आम्ही पहिली लस झाल्यावर आठवडा जाऊ दिला आणि लगेच नेलं. तेव्हा ती नऊ-दहा आठवड्यांची होती. नेण्याआधी मी क्लास स्वतः जाऊन बघून आले आणि तेच सगळ्यांना सांगेन. आमच्या ट्रेनरताई लसीचं कार्ड बघितल्याशिवाय गेट उघडत नाहीत. जागा गच्चीवर, म्हणजे मोकाट कुत्र्यांची ये-जा नाही. फरशी ब्लीचच्या पाण्याने धुतलेली असते. एका भागाला तीस भाग पाणी असं त्यांचं प्रमाण आहे, कारण साध्या फिनाईलने पार्व्होचा विषाणू मरेल याची खात्री नसते. पिल्लं साधारण एका वयाची आणि मोजकीच.

पहिल्या दिवशी 'बस' की 'थांब', काहीच शिकवलं नाही. हेल्मेट घातलेला माणूस, छत्री उघडणारी बाई, काठी टेकत चालणारे आजोबा, मिक्सरचा आवाज असं एकेक दाखवत गेल्या आणि प्रत्येक वेळी तोंडात उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा. मालकांना मात्र भरपूर शिकवलं: पिल्लू कान पाडून मागे सरकलं तर ओढून पुढे न्यायचं नाही, अंतर वाढवायचं. पावसाळ्यात रेनकोटवाले सगळे तिला अनोळखीच दिसतात, तरी ती आज त्यांच्यावर भुंकत नाही. मी याचं श्रेय त्या पहिल्या आठवड्यांना देते.

सिंधुदुर्ग (पशुवैद्य आहे)

दवाखान्यात 'बाहेर काढू नका' सांगतात त्यामागे कारण आहे, ते समजून घ्या. आईच्या चिकातून पिल्लाला काही आठवडे संरक्षण मिळतं, आणि तेच संरक्षण लसीला काम करू देत नाही. ते कधी उतरेल हे पिल्लागणिक वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांना पहिला डोस आणि मग सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे. रेबीजची लस तीन महिन्यांना. आपल्याकडे पाऊस आणि उंदीर दोन्ही भरपूर, त्यामुळे लेप्टोचं संरक्षण असलेली लसच मागा. तो रोग माणसालाही होतो.

आता दुसरी बाजू. नवी माणसं, आवाज, जनावरं पिल्लू सहज स्वीकारतं ते वय तिसऱ्या आठवड्याला सुरू होतं आणि बाराव्या-चौदाव्या आठवड्याच्या सुमारास ओसरतं. सगळे डोस संपायची वाट पाहिली तर हा काळ हातातून गेलेला असतो. अमेरिकेतल्या प्राणिवर्तनाच्या पशुवैद्यक संघटनेने 2008 मध्येच म्हटलं आहे की सात-आठ आठवड्यांपासून क्लास सुरू करता येतो. अट एवढीच की किमान एक लस निदान सात दिवस आधी झालेली असावी आणि जंताचं औषध दिलेलं असावं. माझ्याकडे भीतीने चावणारी मोठी कुत्री येतात. त्यांच्यातली बरीचशी पहिले चार महिने बंद दाराआड वाढलेली असतात. पार्व्होला मी कमी लेखत नाही. तो विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून बाजारपेठ, बसस्टँड, मोकाट कुत्री जिथे मुततात ते कोपरे, समुद्रावरची मच्छीची घाण, इथे पिल्लाला जमिनीवर ठेवूच नका. कडेवर घेऊन फिरवा. बघायला आणि ऐकायला पाय जमिनीला लागावे लागत नाहीत.

धागाकर्ती

कडेवर न्यायचं डोक्यातच आलं नव्हतं! हर्णै बंदरातल्या मासळीच्या लिलावाची गर्दी तर लांब गाडीत बसूनही दाखवता येईल. खरंच आभार. आणि क्लासला जाताच आलं नाही तर? अजून कोणी लिहा.

मालवणकडचो

माका क्लासातला काय ठावक नाय, पण माझी आवस काय करी ता सांगतंय. गावठी कुत्री भाद्रपदात माजार येतत, पिलां थंडयेत होतत, म्हणजे शिमगो येयसर ती तीन-चार महिन्यांची. ढोल लांब वाडयेत वाजाक लागलो की आवस पिलाक मांडयेर घेय आणि भाताचो घास भरवी. ढोल बंद, तर घास पण बंद. दुसऱ्या दिवशी ढोल थोडो जवळ. पालखी खळ्यात येय तेव्हा ता पिलू ढोल ऐकान शेपटी हलवी. शेजारची कुत्री त्याच दिवशी काजीत पळान जायत, ती रात्रभर येयत नसत. आवशीक कोणी शिकवलेला नाय. आता डॉक्टरांनी वर लिवला ता वाचून माका तिची खूप आठवण इली.

वेळास-केळशी पट्टा

आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं थंडीत अंडी घालायला येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला पिल्लं समुद्राकडे निघतात. कुत्री घरटी उकरतात, पिल्लं मारतात. वेळासला अंडी कुंपणाच्या आत हलवून राखतात त्याला हेही एक कारण आहे. म्हणून माझं मत थोडं कडक आहे: समुद्राजवळ राहणाऱ्याने 'ये' आणि 'सोड' हे दोन शब्द पहिल्या दिवसापासून शिकवावेत, आणि ते पक्के होईपर्यंत वाळूत लांब दोरीवरच सोडावं. हंगामात तर पक्के झाले तरीही.

'ये' म्हणायचं ते फक्त चांगल्या गोष्टीसाठी. आंघोळ घालायची असेल तर आपण उठून त्याच्याकडे जावं. हाक मारून बोलावलं आणि मग दटावलं, की पुढच्या वेळी ते का येईल? रोज दोन-तीन वेळा, दर वेळी तीन-चार मिनिटं, त्याहून जास्त लहान पिल्लाला झेपत नाही. बक्षीस म्हणून काटे काढलेली उकडलेली मासळी चालते, खारवलेला सुका बांगडा नको.

अलिबाग

मी उलटी बाजू लिहितो. सहा महिन्यांचा होईपर्यंत थांबा असं आम्हाला एका ट्रेनरने सांगितलं आणि मग महिनाभर त्याच्याकडेच ठेवून घेतो म्हणाला. कुत्रा परत आला तो 'बस' म्हटल्यावर ताडकन बसायचा, पण कोणी हात वर केला की जमिनीला चिकटायचा. गळ्याभोवती आवळसाखळीचे वळ होते. सहा महिन्यांची अट घालणारे काही जण जोरजबरदस्तीने शिकवतात, आणि कोवळ्या पिल्लाला ती सोसत नाही म्हणून थांबायला सांगतात, हे मला नंतर दुसऱ्या ट्रेनरकडून कळलं. म्हणून वय विचारण्याआधी 'चुकलं तर तुम्ही काय करता?' हे विचारा. आणि जिथे मालकाला समोर बसू देत नाहीत तिथे पिल्लू ठेवू नका. हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

चिपळूण

2021 च्या जुलैतल्या पुरानंतर एक मोठी कुत्री आमच्या जिन्यात येऊन बसली, ती राहिलीच. दातांवरून दोनेक वर्षांची असावी. सगळे पिल्लांबद्दल लिहितायत म्हणून सांगते, मोठी कुत्रीही शिकतात. 'बस', 'थांब', पट्ट्याने नीट चालणं ती भराभर शिकली, एका जागी लक्ष देणं तर पिल्लापेक्षा तिला बरं जमायचं. वेळ लागला तो भीतीला. पाणी वाहण्याचा आवाज, शटर पडण्याचा आवाज, यांना अजूनही जपावं लागतं. ज्यांचं पिल्लू चार-पाच महिन्यांचं झालंय त्यांनी 'वेळ गेली' म्हणून सोडून देऊ नये, फक्त सावकाश जावं.

देवगड, कलमांच्या बागेतून

आमच्याकडे कुत्रा वानरांवर राखणीला. वडील पिल्लाला पहिल्या दिवसापासून बागेत मोकळं सोडत. मी तसं करत नाही, कारण कातळावर आणि गडग्यांच्या चिऱ्यांत फुरशी असतात, आणि पिल्लू प्रत्येक हलणाऱ्या गोष्टीला नाक लावतं. आठव्या-नवव्या आठवड्यापासून मी पडवीत 'सोड' शिकवतो. एका मुठीत खाऊ ठेवून मूठ मिटायची, ते चाटेल, ओरबाडेल, काही बोलायचं नाही. ज्या क्षणी ते तोंड मागे घेईल त्या क्षणी दुसऱ्या हातातून त्याहून चांगला खाऊ. ते जमलं की खाऊ जमिनीवर, मग चप्पल, मग दोरीचा तुकडा ओढून. चार महिन्यांच्या पुढे दात पडायला लागतात तेव्हा सगळं चावायचं वेड शिगेला जातं, त्याआधी हा शब्द पक्का झालेला असला की निभावतं. बागेत पट्ट्याशिवाय ते वर्षाचं झाल्यावरच, आणि तिन्हीसांजेला बिबट्यामुळे घरात.

धागाकर्ती, दापोलीहून क्लास लांब पडत असेल तर महिन्यातून एकदा जा आणि मधला अभ्यास घरी करा. ट्रेनरला व्हिडिओ पाठवले तर बरेच जण बघून सांगतात. पहिल्या लसीची तारीख आताच दवाखान्यात ठरवून घ्या, कारण क्लासची तारीख तिच्यावरून सात दिवस पुढे मोजायची आहे.