विमानाचा देखभाल निधी तासांवर मोजावा की महिन्यांवर?

जुहूवासी:
आम्हा तिघा भागीदारांचे सेस्ना १७२ हे एक जुने, एका इंजिनाचे छोटे विमान आहे. यंदाच्या वार्षिक तपासणीत एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन (दाब धरून ठेवण्याची क्षमता) ८० पैकी ५२ इतके कमी आले, म्हणून तो उतरवला, तेव्हा आत कॅमशाफ्टवर (झडपा उघडणाऱ्या दांड्यावर) गंजाचे खड्डे दिसले आणि सव्वातीन लाखांचा खर्चाचा अंदाज चौदा लाखांवर गेला. ओव्हरहॉलला, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधायला, ४० लाख लागतील असे धरून, आणि त्यासाठी इंजिन बनवणाऱ्या लायकमिंग कंपनीने सुचवलेली २००० तासांची मर्यादा पाहून, आम्ही दर उड्डाणतासामागे २००० रुपये बाजूला काढत होतो. मुंबईत ही पद्धत मुळातच चुकते, असे माझे ठाम मत झाले आहे. त्याच कंपनीने १२ वर्षांचीही मर्यादा सुचवली आहे, आणि पावसाळ्यात बहुतांशी उभे राहणारे आमचे विमान वर्षाला जेमतेम ८० तास उडते. त्या हिशेबाने १२ वर्षांत १९ लाख २० हजार जमतात, म्हणजे निम्मेसुद्धा नाहीत. विमान उडो वा न उडो, तिघांनी मिळून दरमहा २८ हजार भरलेच पाहिजेत.

हिशेबी:
मी सहमत नाही. निधी वाढवल्याने गंज थांबत नाही. या इंजिनांत कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो, विमान उभे राहिले की त्यावरचे तेल निथळून जाते आणि समुद्राची खारी, दमट हवा आपले काम करते. तेच पैसे इंधनावर घालून जमेल त्या प्रत्येक आठवड्यात तासभर उडावे. जमिनीवर दहा मिनिटे इंजिन चालवणे हा त्याला पर्याय नाही, कारण तेल पुरेसे तापत नाही आणि आतली वाफ आतच राहते. शिवाय सक्तीच्या मासिक हप्त्याला कंटाळून भागीदार बाहेर पडतात, हे मी दोनदा पाहिले आहे.

देखभाल अभियंता:
जून ते सप्टेंबर दर आठवड्याला उडणे मुंबईत कितपत जमेल? त्या काळासाठी इंजिनात संरक्षक तेल भरणे आणि सिलिंडरांत ओलावा शोषणारे प्लग बसवणे हाच उपाय आहे, आणि तो स्वस्त आहे. मॅग्नेटोची (इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या भागाची) ५०० तासांची तपासणी आधीच ठाऊक असते, तिला अनपेक्षित म्हणू नये. खऱ्या अनपेक्षित कामासाठी मालकाने आधीच लेखी मर्यादा द्यावी, जेणेकरून त्यापलीकडचा खर्च विचारल्याशिवाय होणार नाही. मात्र उड्डाणयोग्यतेला बाधा आणणारा दोष सापडल्यावर घासाघीस करू नये. तो दुरुस्त झाल्याशिवाय मी सही करणार नाही.

हिशेबी:
संरक्षक तेलाचा मुद्दा मान्य आहे. पण वर्षानुवर्षे लाखो रुपये बँकेत निजवून ठेवणे मला अजूनही पटत नाही. बिल आल्यावर तिघांनी वर्गणी काढावी.

जुहूवासी:
आम्ही नेमके तेच केले. एका भागीदाराकडे त्या महिन्यात पैसे नव्हते, त्यामुळे विमान अकरा आठवडे उघड्या इंजिनासह उभे राहिले आणि हँगरचे भाडे चालूच होते. म्हणून पुढच्या महिन्यापासून मासिक हप्ता सुरू करतो आहोत, आणि जूनपूर्वी संरक्षक तेल आणि प्लग घालून इंजिन पावसाळ्यासाठी बंद ठेवण्याचा खर्च त्यातूनच देणार आहोत.