डिझायनरमधले बटण करडे, कोडमधून केलेले मात्र हिरवे का दिसते?

सातपूरकर:
नमस्कार. लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्यासाठी काटापट्टीचा (मालाच्या वजनाच्या व हिशेबाच्या पावतीचा) प्रोग्राम सी-शार्प आणि विंडोज फॉर्म्समध्ये करीत आहे. पट्टी भरण्याच्या डायलॉगमध्ये एका पॅनेलला (बटणे बसवण्याच्या चौकटीला) फिकट हिरवा रंग दिला आहे. त्यावर डिझायनरमधून (माउसने ओढून फॉर्म मांडण्याच्या खिडकीतून) ठेवलेले ‘जतन करा’ हे बटण नेहमीसारखे करडे दिसते. परंतु लाल, उन्हाळ, गोल्टी अशा कांद्याच्या प्रतींची जी बटणे कोडमधून लूप चालवून तयार होतात, ती हिरवी आणि जुनाट चौकटीची येतात. त्यांना कोणताही रंग मी दिलेला नाही. शिवाय प्रोग्रेसबारचा (काम किती झाले ते दाखवणाऱ्या पट्टीचा) फोरकलर बदलूनही त्याचा रंग तसाच राहतो. कारण काय असावे?

पंचवटीकर:
रंग आपण दिला नसला, तरी पॅनेलने दिला आहे. बॅककलर (पार्श्वभूमीचा रंग), फोरकलर (अक्षरांचा रंग), फॉन्ट आणि कर्सर हे गुणधर्म कंट्रोलवर, म्हणजे बटणासारख्या घटकावर, स्वतंत्रपणे ठरवले नसतील, तर ते ज्या पॅनेलवर किंवा फॉर्मवर तो कंट्रोल बसवला आहे, त्याच्याकडून येतात. डिझायनर बटणासाठी यूजव्हिज्युअलस्टाइलबॅककलर = ट्रू ही ओळ आपोआप लिहून ठेवतो, म्हणून ते बटण विंडोजच्या थीमनुसार रंगते; कोडमधून केलेल्या बटणाला ती ओळ मिळत नाही आणि ते पॅनेलचा रंग उचलते. लूपमध्ये तीच ओळ घालावी. मात्र त्यानंतर कोडमधून बॅककलर दिल्यास या गुणधर्माची किंमत पुन्हा फॉल्स होते, त्यामुळे क्रम सांभाळावा.

गोदाकाठ:
वरील उत्तर योग्य आहे. बटण कसे रंगवायचे हे ठरवणारा फ्लॅटस्टाइल हा गुणधर्मही (फ्लॅट, सिस्टम, स्टँडर्ड या त्याच्या काही किमती) एकदा पाहून घ्यावा, कारण अनेकजण तिथेच गोंधळतात. फ्लॅटअपिअरन्समधील कडेची जाडी किंवा माउस वर आल्यावरचा रंग फक्त फ्लॅट ही किंमत असतानाच लागू होतो. सिस्टम निवडल्यास बटण विंडोज स्वतः रंगवते. मग आपला बॅककलर जुमानला जात नाही आणि बटणावर दिलेले चित्रही दिसत नाही. दिवसभर पट्ट्या भरणाऱ्या माणसासाठी माझ्या मते स्टँडर्डच बरे. सजावटीपेक्षा कोणते बटण दाबता येते हे चटकन कळणे महत्त्वाचे.

प्रोग्रेसबारचे म्हणाल, तर व्हिज्युअल स्टाइल्स (विंडोजच्या थीमचे रूप) चालू असताना त्याचा रंग थीमच ठरवते. रंगासाठी काहीजण प्रोग्रॅम फाइलमधील एनेबलव्हिज्युअलस्टाइल्स ही ओळच काढून टाकतात, पण त्यामुळे सगळा प्रोग्राम विंडोज एक्सपीच्या, म्हणजे २००१च्या, आधीच्या रूपात जातो. एका प्रोग्रेसबारच्या रंगासाठी एवढी किंमत मोजू नये. एनेबलव्हिज्युअलस्टाइल्सची ओळ पहिला कंट्रोल तयार होण्यापूर्वीच चालली पाहिजे, हेही तपासावे.

सातपूरकर:
लूपमध्ये ओळ घातल्यावर प्रतींची बटणे ‘जतन करा’सारखीच दिसू लागली. आभारी आहे. प्रोग्रेसबार थीमच्याच रंगात ठेवतो.

पंचवटीकर:
एक राहिले. पॅनेलचा हिरवा रंग आकड्यांत लिहिला असल्यास, एखाद्याने विंडोजचा हाय कॉन्ट्रास्ट मोड (कमी दिसणाऱ्यांसाठी ठळक रंगांचा पर्याय) लावल्यावरही तो तसाच राहील आणि त्यावरची पांढरी झालेली अक्षरे पुसट दिसतील. सिस्टमइन्फर्मेशनमधील हायकॉन्ट्रास्ट तपासावे आणि तो चालू असल्यास पॅनेलला सिस्टमकलर्स.कंट्रोल हा विंडोजचा स्वतःचा रंग द्यावा.