जुना फ्लॅगशिप रिसीव्हर की नवा एंट्री-लेव्हल?

मंद्रसप्तक
२०१२-१३ सालचे वरच्या रेंजचे ७.२ (सात स्पीकर, दोन बेसचे सबवूफर) रिसीव्हर, म्हणजे होम थिएटरचं चित्र-आवाज सांभाळून स्पीकर चालवणारे ॲम्पवाले सेट, आज सेकंडहँडमध्ये नव्या एंट्री-लेव्हल सेटच्या भावात मिळतात. माझं मत सरळ आहे, जुनाच घ्या. जाडजूड ट्रान्सफॉर्मर, सगळ्या चॅनेलचे प्री-आउट (बाहेरचा ॲम्प जोडायची सॉकेट), डेनॉन असेल तर ऑडिसी एक्सटी३२ (माइकने मोजून खोलीनुसार आवाज जुळवणारी यंत्रणा). नव्या स्वस्त सेटला प्री-आउट बहुधा फक्त सबवूफरचा. आणि खोक्यावरचे वॅट? ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन, एकच चॅनेल चालू! मॅन्युअलमध्ये ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल असा आकडा शोधा, खरा तो.

काळा_पडदा
साफ असहमत. ॲम्प वीस वर्षं टिकेल हो, एचडीएमआय बोर्डाचं काय? २०१३ चा सेट म्हणजे एचडीएमआय १.४, एचडीसीपी २.२ (४के चित्राचं कॉपी-संरक्षण) नाही. ४के बॉक्स त्यातून नेला की चित्र १०८०पी वर येतं, नाहीतर काहीच दिसत नाही. घरगुती ॲटमॉस (डोक्यावरच्या स्पीकरमधूनही येणारा डॉल्बीचा आवाज) २०१४ चं, म्हणजे तेही गेलं. त्यात आपल्याकडे रिसीव्हर टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात कोंबतात. चिप तापून-निवून खालचे सोल्डर सांधे सुटतात. रिफ्लो केलेला, म्हणजे तापवून सांधे पुन्हा जोडलेला बोर्ड पुन्हा कधी जाईल याचा नेम नाही, नवा मिळत नाही.

मंद्रसप्तक
चित्र रिसीव्हरमधून न्यायचंच कशाला? बॉक्स थेट टीव्हीला, आवाज एआरसीने (एचडीएमआय वायरीतून टीव्हीचा आवाज परत आणणारी सोय) खाली रिसीव्हरला. टीव्हीचा ऑडिओ ‘डॉल्बी डिजिटल’वर ठेवा, ५.१ मिळतं. ओटीटीवर ट्रूएचडी (डिस्कवरचा पूर्ण दर्जाचा डॉल्बी आवाज) तसंही नसतं. डिस्कवाल्यांनी पॅनासॉनिक यूबी८२० सारखा दोन एचडीएमआय आउटचा प्लेअर घ्यावा, एक वायर टीव्हीला, एक रिसीव्हरला. ट्रूएचडी ७.१ पूर्ण येतं, फक्त वरचे स्पीकर नाहीत.

काळा_पडदा
‘फक्त’ म्हणे! शिवाय या उलट्या जोडणीत ओठ आणि आवाज मागेपुढे होतात, ते डिले सेटिंगमध्ये जाऊन निस्तरत बसा. घरातल्या बाकीच्यांना एका रिमोटवर सगळं हवं असतं.

ओहमकार
दोघंही रिसीव्हरवरच अडलात. जुन्यात घ्यायचे ते स्पीकर आणि पॉवर ॲम्प (फक्त स्पीकरला ताकद देणारा, प्री-आउटला जोडायचा), प्रोसेसिंग नवं. स्पीकर घेताना जाळी काढून कोनच्या कडेची रिंग बघा. फोमची असेल तर बोटाने हलकेच दाबा, भुगा पडला की री-फोमचा (रिंग बदलण्याचा) खर्च धरूनच भाव करा. रबरची टिकते.
आणि मंद्रसप्तक यांचं ऐकून रिसीव्हर घेणारच असाल तर मल्टीमीटर न्या. स्पीकर काढून, व्हॉल्यूम शून्यावर, प्रत्येक स्पीकर टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजा. ५० मिलिव्होल्टच्या वर असेल तर सोडून द्या. मग स्पीकर लावून अर्धा तास चालवा, रिले ‘टक’ करून सेट प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःच बंद पडतो का बघा. मागचं लेबल वाचल्याशिवाय प्लग घालू नका. अमेरिकेतून आलेला १२० व्होल्टचा सेट आपल्या २३० वर क्षणात जातो. स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लावणार असाल तर लेबलवरच्या वॅटच्या दुप्पट व्हीए क्षमतेचा घ्या, तळहाताएवढा ट्रॅव्हल कन्व्हर्टर चालणार नाही.

मंद्रसप्तक
पॉवर ॲम्पचं मान्य, पण प्री-आउट असलेला नवा रिसीव्हर एंट्री-लेव्हलच्या भावात दाखवा, मग बोलू.