मदत हवी आहे : टर्बोचं तयार किट घेऊ की सुटे भाग आणून जुळवून घेऊ?

मंडळी, जुन्या होंडा सिटी १.५ व्हीटेकला टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून ताकद वाढवणारा) बसवायचाय, रेस ट्रॅकपुरताच. (मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, गाडीतल्या बदलांवर बंधन घालणारं, माहीत आहे, आरटीओची भीती घालू नका!) इंजिन आतून कंपनीचंच, म्हणून बूस्ट (टर्बोचा हवेचा जादा दाब) ०.४ बारच्या वर नेणार नाही.

तयार किटमध्ये सगळं मापाचं येतं, पण ट्यूनिंग (इंधन आणि ठिणगीचं सेटिंग) वेगळं करावंच लागतं आणि कस्टम ड्यूटीने कंबरडं मोडतं. नाना पेठेतला एक फॅब्रिकेटर म्हणतो, "साहेब, मॅनिफोल्ड मी घडवतो." (म्हणजे इंजिनातला धूर टर्बोपर्यंत नेणारे पाइप.) त्याचं एक जुनं काम पाहिलं, तर वेल्डशेजारी केसाएवढी चीर. तिथेच मन कचरलं.

पुण्यात कुणी असं सुटे भाग जुळवून घेतलंय का? मॅनिफोल्ड कशाचं, ऑइल रिटर्न (टर्बोतून ऑइल परत नेणारा पाइप) सम्पला, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीला, कुठे जोडला, आणि ट्यूनिंग कुणाकडे?